वळणाचं गणित: वीस मीटरच्या दोरीने रस्ता मोजूया

आज वही-पेन घेऊन बसा. ज्यांच्याकडे वही नसेल त्यांनी शेजारी बसलेल्या नववी-दहावीच्या लेकीला हाक मारा. आजचा विषय तिच्या भूमितीच्या पुस्तकातला आहे आणि आपल्या गावच्या रस्त्यावरचाही आहे. आज आपण रस्त्याच्या वळणाचं गणित शिकणार आहोत.

प्रत्येक गावात एक तरी वळण असं असतं की तिथून जाताना माणूस मनात देवाचं नाव घेतो. उसाची ट्रॉली तिथेच कलंडते. पावसाळ्यात मोटारसायकल तिथेच घसरते. मुलं सायकलवरून शाळेत निघाली की आई सांगते, "त्या वळणावर खाली उतर गं." अपघात झाला की आपण म्हणतो, ड्रायव्हरची चूक. कधी म्हणतो, जागाच वाईट. ड्रायव्हरची चूक असेलही. पण जागा वाईट म्हणजे नेमकं काय वाईट, हे मोजता येतं. त्यासाठी इंजिनिअरची दुर्बीण लागत नाही. वीस मीटरची दोरी, एक मोजपट्टी आणि चौघी जणी पुरतात.

गोफणीतला दगड

ज्वारी राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेल्या बाया आजही आपल्यात आहेत. गोफण डोक्याभोवती गरगर फिरते तेव्हा दगड गोल फिरतो. एक दोर सोडला की दगड काय करतो? तो गोल फिरत राहत नाही. ज्या क्षणी सुटला त्या क्षणीच्या दिशेने सरळ जातो. दगडाला सरळच जायचं असतं, त्याला गोल फिरवत होता तो दोर.

रस्त्यावरच्या गाडीचंही तसंच आहे. वळणावर गाडीलाही सरळच जायचं असतं. तिला वळवून आत धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच. एक, टायरची रस्त्यावरची पकड. दुसरी, रस्त्याचा आतल्या बाजूला दिलेला ढाळ, म्हणजे बाहेरची कड उंच आणि आतली कड खाली. हे दोन्ही मिळून गोफणीच्या दोराचं काम करतात. दोर कमी पडला की गाडी दगडासारखी सरळ जाते, म्हणजेच वळणाच्या बाहेरच्या चारीत. ट्रॉलीचा भार उंच रचलेला असतो, त्यामुळे ती घसरण्याआधीच बाहेरच्या बाजूला कलंडते.

दगड सुटून जी सरळ रेघ धरतो तिला भूमितीत स्पर्शिका म्हणतात, कारण ती वर्तुळाला एकाच ठिकाणी स्पर्श करून निघून जाते. वळणाच्या आधीचा सरळ रस्ता ही एक स्पर्शिका आणि वळणानंतरचा सरळ रस्ता ही दुसरी. या दोघींना जोडणारा वर्तुळाचा तुकडा म्हणजे वळण.

तिवड्याभोवतीचे बैल

आता वळण मोठं की लहान, हे कसं सांगायचं? जुन्या खळ्याची आठवण काढा. मधोमध तिवडा रोवलेला आणि त्याच्याभोवती बैलांची पात. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा फिरायचा, तर सगळ्यात बाहेरच्या बैलाला मोठा फेरा पडायचा. तिवड्यापासून बैलापर्यंतचं अंतर म्हणजे त्या फेऱ्याची त्रिज्या. त्रिज्या लहान तर वळण आवळलेलं, त्रिज्या मोठी तर वळण ऐसपैस.

रस्त्याच्या वळणालाही असा तिवडा असतो, फक्त तो दिसत नाही. तो कुणाच्या तरी शेतात, वळणाच्या आतल्या बाजूला कुठेतरी असतो. तिथून रस्त्याच्या मधोमधपर्यंत जेवढे मीटर, तेवढी त्या वळणाची त्रिज्या.

आपल्या देशात ग्रामीण रस्त्यांची मापं इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तिकेनुसार धरतात. सपाट मुलखात गावरस्त्याच्या वळणाची त्रिज्या शक्यतो ९० मीटर असावी आणि ६० मीटरपेक्षा कमी नसावी, असं त्यात आहे. चढउताराच्या मुलखात हेच आकडे ६० आणि ४५ आहेत. डोंगरी भागात, जिथे बर्फ पडत नाही अशा आपल्या सह्याद्रीसारख्या ठिकाणी, २० आणि १४. डोंगरात एवढी लहान त्रिज्या चालते कारण तिथे गाडीचा वेगच ताशी २० ते २५ किलोमीटर धरलेला असतो. सपाटीवर ४० ते ५० धरतात.

वेग दुप्पट, ओढ चौपट

हे आकडे कुणी मनाने ठरवलेले नाहीत. त्यामागे एक साधा हिशेब आहे. वेगाचा वर्ग करा, म्हणजे वेगाला त्याच वेगाने गुणा. मग त्याला १२७ गुणिले त्रिज्या, एवढ्याने भागा. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि त्रिज्या मीटरमध्ये. येणारं उत्तर सपाटीवर ०.२२ च्या आत हवं. त्यातले ०.१५ टायरच्या पकडीचे आणि ०.०७ रस्त्याच्या ढाळाचे. १२७ हा आकडा पृथ्वीच्या ओढीवरून येतो आणि ताशी किलोमीटरचं सेकंदाला मीटर करताना तयार होतो.

करून बघूया. वेग ४०, त्रिज्या ६०. चाळीस चोक एकशे साठ, त्यावर एक शून्य, म्हणजे १६००. खाली १२७ गुणिले ६०, म्हणजे ७६२०. भागाकार ०.२१. बसलं. आता तोच वेग, पण त्रिज्या २०. वर १६००, खाली २५४०. भागाकार ०.६३. पाहिजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे ताशी ४० ने येणारी गाडी त्या वळणावर टिकवायला ना टायर पुरेल ना ढाळ.

यातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. वेगाचा वर्ग होतो, म्हणून वेग दुप्पट केला तर बाहेर जाण्याची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. "थोडंच तर जोरात चालवतोय" म्हणणाऱ्या पोराला हे गणित वहीत करून दाखवा.

दोरी कशी धरायची

आता मोजायला जाऊया. दोरी न वाढणारी घ्या, ताणली की वाढणारी दोरी चालत नाही. बरोबर २० मीटरवर दोन गाठी मारा आणि मधोमध, १० मीटरवर, रंगीत चिंधी बांधा. दोघी गाठी धरणार, तिसरी मोजपट्टी धरणार, चौथी लिहून घेणार. आणखी दोघी लाल कापड घेऊन वळणाच्या दोन्ही टोकांना, गाड्या लांबून दिसतील अशा ठिकाणी उभ्या राहतील. हे काम दिवसा करायचं, एसटीची वेळ टाळून. लहान मुलांना बरोबर न्यायचं नाही.

मोजायचं वळणाच्या आतल्या बाजूने. आतल्या डांबरी कडेवर एकीने एक गाठ ठेवायची, दुसरीने तशाच आतल्या कडेवर पुढे दुसरी गाठ ठेवायची आणि दोरी ताणायची. रस्ता वळलेला असल्यामुळे दोरी डांबरावर न येता बाजूच्या साइडपट्टीवरून जाईल. म्हणूनच आतली बाजू घ्यायची, गाड्यांच्या वाटेत दोरी येत नाही. ही ताणलेली दोरी म्हणजे वर्तुळाची जीवा. आता चिंधीपासून डांबराच्या कडेपर्यंत, दोरीला काटकोनात, अंतर मोजा. गवंड्याचा गुण्या असेल तर काटकोन चोख मिळतो.

त्या मधल्या अंतरावरून त्रिज्या अशी काढायची. अंतर मीटरमध्ये लिहा. ५० ला त्या अंतराने भागा. त्यात त्या अंतराचं निम्मं मिळवा. झाली आतल्या कडेची त्रिज्या. गावरस्त्याचं डांबर सहसा पावणेचार मीटर रुंद असतं, म्हणून रस्त्याच्या मध्यापर्यंतची त्रिज्या हवी असेल तर आणखी दोन मीटर मिळवा.

समजा मधलं अंतर १ मीटर २५ सेंटीमीटर आलं. ५० भागिले १.२५, म्हणजे ४०. निम्मं अंतर ०.६, म्हणजे ४०.६. वर दोन मीटर, म्हणजे साधारण ४२ ते ४३ मीटर. सपाटीच्या गावात हे वळण नियमातल्या ६० पेक्षा आवळलेलं निघालं.

५० कुठून आला, हे दहावीच्या लेकीला विचारा. वर्तुळातल्या दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा एकीच्या दोन तुकड्यांचा गुणाकार दुसरीच्या दोन तुकड्यांच्या गुणाकाराएवढा असतो. आपल्या दोरीचे दोन तुकडे १० आणि १०, गुणाकार १००. दुसरी जीवा म्हणजे पूर्ण व्यास, तिचा एक तुकडा आपलं मधलं अंतर आणि दुसरा तुकडा उरलेला व्यास. त्यातूनच ५० चा नियम निघतो. म्हणूनच दोरी बरोबर २० मीटरची हवी. वळण छोटं असेल आणि वीस मीटर दोरी त्यात मावत नसेल तर १० मीटरची घ्या, पण मग ५० ऐवजी १२.५ ला भागायचं.

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांनी हे पाच आकडे उतरवून घ्या. दोरी २० मीटर, आणि वेग सपाटीवरच्या चांगल्या ढाळाच्या रस्त्याचा.

मधलं अंतर ५६ सेंटीमीटर: त्रिज्या ९० मीटर, वेग ताशी ५० पर्यंत.
मधलं अंतर ८४ सेंटीमीटर: त्रिज्या ६० मीटर, वेग ४० पर्यंत.
मधलं अंतर १ मीटर २७ सेंटीमीटर: त्रिज्या ४० मीटर, वेग ३३ पर्यंत.
मधलं अंतर १ मीटर ७२ सेंटीमीटर: त्रिज्या ३० मीटर, वेग २९ पर्यंत.
मधलं अंतर २ मीटर ६८ सेंटीमीटर: त्रिज्या २० मीटर, वेग २३ पर्यंत.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. वळणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा दोरी लावा. पुष्कळ गावरस्ते जुन्या गाडीवाटेवर डांबर टाकून झालेले असतात. तिथे वळण एकसारखं गोल नसतं, सुरुवातीला ऐसपैस आणि मध्येच आवळलेलं असतं. परक्या गावचा ड्रायव्हर तिथेच फसतो. तीन मापांत जी त्रिज्या सगळ्यात लहान, ती त्या वळणाची खरी त्रिज्या समजायची.

ढाळ आत की बाहेर

त्रिज्या चांगली आणि तरी गाड्या घसरतात, असं असेल तर ढाळ बघा. सरळ रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात, पाणी निघून जावं म्हणून. पण वळणावर तसाच ठेवला तर बाहेरचा अर्धा भाग बाहेरच उतरतो. म्हणजे गाडीला बाहेर जायला रस्ताच मदत करतो.

हिशेब बघा. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ७ टक्के ढाळ आत असेल तर ताशी ४० चा वेग चालतो. ढाळ आत नसून ३ टक्के बाहेर असेल तर तेच वळण ताशी ३० लाच संपतं. त्रिज्या तीच, रस्ता तोच, फक्त ढाळ चुकीच्या बाजूला.

तपासायला गवंड्याची पाण्याची नळी मागून आणा. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, एक आतल्या कडेवर आणि एक बाहेरच्या कडेवर उभी धरा. नळीतलं पाणी दोन्ही काठ्यांवर कुठे येतं त्याची खूण करा. पावणेचार मीटर रुंद रस्त्याला ७ टक्के ढाळ म्हणजे दोन खुणांत २६ सेंटीमीटरचा फरक, साधारण एक वीत आणि वर चार बोटं. नळी रस्ता ओलांडून जाते, म्हणून लाल कापडवाल्यांनी आधी गाडी नाही याची खात्री करायची आणि माप झालं की लगेच बाजूला व्हायचं. नळी नसेल तर पहिल्या पावसात जाऊन बघा. वळणावरचं पाणी आतल्या कडेला धावलं पाहिजे. बाहेरच्या कडेला धावत असेल तर ढाळ उलटा आहे.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरमागची ट्रॉली वळताना पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाही, आत कापते. म्हणून आवळलेल्या वळणावर रस्ता थोडा जास्त रुंद लागतो. पावणेचार मीटरच्या रस्त्याला २१ ते ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ६० सेंटीमीटर आणि २० मीटरपर्यंतच्या वळणावर ९० सेंटीमीटर जादा रुंदी सांगितलेली आहे. वळणाच्या आतली साइडपट्टी नेहमी खचलेली दिसत असेल तर समजा, ती जादा रुंदी मिळालेली नाही.

वळण आखतात कसं

नवीन रस्ता येतो तेव्हा आखणीच्या वेळीच आपण हजर असलो तर पुढचं भांडण टळतं. म्हणून आखणीही समजून घेऊ.

दोन सरळ रस्ते जिथे एकमेकांना मिळाले असते तिथे एक खुंटी ठोका. तिला कोपऱ्याची खुंटी म्हणू. तिथून एका रस्त्याच्या रेषेत १० मीटर मागे या, खूण करा. दुसऱ्या रस्त्याच्या रेषेत १० मीटर जा, खूण करा. दोन खुणांमध्ये दोरी आडवी ताणा. समजा ती १७ मीटर ३२ सेंटीमीटर भरली. तिचं निम्मं ८.६६. आता कोपऱ्याच्या खुंटीपासून त्या आडव्या दोरीच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ५ मीटर आलं.

वळण कोपऱ्यापासून किती आधी सुरू करायचं? त्रिज्येला ५ ने गुणा आणि ८.६६ ने भागा. त्रिज्या ६० असेल तर ३४ मीटर ६४ सेंटीमीटर. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना तेवढं अंतर सोडून खुंट्या ठोका. या वळणाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुंट्या. नकाशावर या अंतराला 'टी' लिहिलेलं असतं, त्रिज्येला 'आर', वळणाच्या लांबीला 'एल' आणि रस्ता किती अंशांनी वळला त्याला 'डेल्टा'. आपल्या उदाहरणात रस्ता ६० अंशांनी वळला. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणजे हा त्याचा सहावा हिस्सा. पूर्ण फेरा ३७७ मीटरचा, त्याचा सहावा भाग ६२ मीटर ८३ सेंटीमीटर. ही वळणाची लांबी.

आता मधल्या खुंट्या. सुरुवातीच्या खुंटीपासून कोपऱ्याच्या दिशेने १० मीटर जा, काटकोनात आत वळा, ८४ सेंटीमीटरवर खुंटी ठोका. २० मीटरवर गेलात तर आत ३ मीटर ४३ सेंटीमीटर. ३० मीटरवर गेलात तर आत ८ मीटर ४ सेंटीमीटर. मोठ्या अंतराचा काटकोन साधायला तीन, चार आणि पाच मीटरच्या दोरीचा त्रिकोण करा. हेच दुसऱ्या टोकाकडूनही करा. दोन्हीकडून आलेली तिसरी खुंटी एकाच जागी पडली पाहिजे, कारण तो वळणाचा मध्य आहे. पडली तर आखणी बरोबर. वेगळ्या जागी पडली तर कुठेतरी माप चुकलं. खुंट्यांवरून चुन्याची फक्की टाकली की वळण डोळ्यांनी दिसतं.

यंत्राने आखणी करणारे कोन मोजून हेच काम लवकर करतात. स्कॉटलंडच्या रँकिन नावाच्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी कोनांची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. यंत्र बदललं, पण वर्तुळ तेच आहे. त्यामुळे यंत्राने ठोकलेली खुंटीही आपल्याला दोरीने तपासता येते.

वळण कुणाच्या शेतातून

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वळण ऐसपैस करायचं म्हणजे रस्ता कोपरा सोडून आतल्या शेतात सरकणार. किती सरकणार, हेही काढता येतं.

आपल्याच उदाहरणात ६० मीटर त्रिज्येच्या वळणाचा मध्य कोपऱ्याच्या खुंटीपासून ९ मीटर २८ सेंटीमीटर आत पडतो. त्रिज्या ९० केली तर १३ मीटर ९२ सेंटीमीटर आत. म्हणजे रस्ता शेतात आणखी साडेचार मीटरहून जास्त सरकला.

क्षेत्रही काढूया. त्रिज्या गुणिले 'टी', त्यातून त्रिज्या गुणिले वळणाच्या लांबीचं निम्मं वजा करायचं. कोपरा आणि वळण यांच्यामधला तुकडा मिळतो. त्रिज्या ६० असताना २०७८ वजा १८८५, म्हणजे १९३ चौरस मीटर. त्रिज्या ९० असताना 'टी' ५१.९६ आणि लांबी ९४.२५. ४६७६ वजा ४२४१, म्हणजे ४३५. फरक २४२ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. हा हिशेब रस्त्याच्या मध्यरेषेचा झाला. कडेवर तो थोडा कमी भरतो. तरी आतल्या शेतातून सव्वादोन ते अडीच गुंठे जातात असं समजा.

ज्या बाईच्या सातबाऱ्यावर पाच एकर आहेत तिला अडीच गुंठे फार वाटणार नाहीत. जिच्या नावावर वीसच गुंठे आहेत तिचा तो आठवा हिस्सा आहे. आणि ते वळण तसंच ठेवलं तर ज्या आईची लेक रोज तिथून सायकलने जाते तिचा जीव टांगणीला. दोघीही आपल्याच गटातल्या असतात. म्हणून "रस्त्याला आडवी येते" असं कुणा एकीला म्हणू नका आणि "माझी इंचभर जमीन देणार नाही" असंही आकडा बघण्याआधी म्हणू नका. आकडा सगळ्यांसमोर मांडा, मग बोला.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. या योजनेत जमीन खरेदीसाठी पैसे नसतात. जमीन उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्याकडे असते, आणि प्रत्यक्षात पुष्कळदा शेतकऱ्याच्या संमतीपत्रावरच काम पुढे जातं. त्यामुळे सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. माझ्या गट नंबरातून किती चौरस मीटर जाणार? वळणाची त्रिज्या किती धरली आहे? आणि रस्ता आत सरकल्यावर बाहेर जी जुन्या रस्त्याची पट्टी सुटेल तिचं काय करणार? तिसरा प्रश्न विसरू नका, आपण बहुतेक वेळा तोच विचारत नाही.

जमीन मिळालीच नाही तर वळण तसंच सोडून द्यायचं का? नाही. मग वेग कमी करायचा. वळणाआधी इशाऱ्याचा फलक, वेगाचा आकडा, बाहेरच्या कडेला पांढरे रंगवलेले दगड, ढाळ नीट आत आणि जादा रुंदी, एवढं तरी झालंच पाहिजे. आपण मोजलेल्या त्रिज्येवरून फलकावर कोणता आकडा हवा, तेही आता आपल्याला सांगता येतं.

कोपऱ्यातला ऊस

एक उपाय मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. ताशी ४० ने येणाऱ्या ड्रायव्हरला गाडी थांबवायला ४५ मीटर लागतात. म्हणजे ४५ मीटर पुढचं दिसलं पाहिजे. वळणावर त्याची नजर आतल्या कोपऱ्यावरून जाते. पुन्हा तीच दोरी आणि तीच जीवा. ४५ चा वर्ग २०२५, त्याला आठ गुणिले ६० ने, म्हणजे ४८० ने भागा. उत्तर ४ मीटर २२ सेंटीमीटर. रस्त्याच्या मध्यापासून आत एवढी जागा मोकळी हवी. आणि समोरासमोर दोन गाड्या येत असतील तर दोघांनाही थांबायचंय, म्हणून अंतर दुप्पट लागतं आणि मोकळी जागा त्याहून पुष्कळ जास्त.

त्या जागेत ऊस, ज्वारी, तूर किंवा वेड्या बाभळीचं कुंपण असेल तर समोरचं काहीच दिसत नाही. तिथे भुईमूग, हरभरा, सोयाबीन, कांदा अशी बुटकी पिकं घेतली तर पीकही निघतं आणि नजरही मोकळी राहते. कोपऱ्याच्या शेताची मालकीण ओळखीचीच असते. गटातल्या दोघींनी तिच्या घरी जाऊन चहा घेता घेता हे बोलावं. बाभळ तोडायला गटाने एक दिवस श्रमदान द्यावं. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही.

कुठे आणि कसं विचारायचं

योजनेचा रस्ता मंजूर होण्याआधी अभियंता, सरपंच, तलाठी आणि गावकरी रस्त्याच्या रेषेवरून एकत्र चालत जातात. ही पाहणी प्रस्ताव तयार करण्याचाच भाग आहे. ती कधी आहे हे ग्रामपंचायतीत आधी विचारून ठेवा आणि दोरी घेऊन जा. "साहेब, या वळणाची त्रिज्या किती धरलीय?" एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला की पुढचं बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

रस्ता होऊन गेला असेल तर कामाच्या ठिकाणचा माहिती फलक वाचा. या योजनेत रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदाराची असते. फलकावरची पूर्ण झाल्याची तारीख उतरवून घ्या आणि बोटांवर पाच वर्षं मोजा. नकाशा बघायला मिळत नसेल तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या कायद्यात नुसती कागदाची नक्कल नाही, कामाची प्रत्यक्ष पाहणी मागण्याचाही हक्क आहे.

ग्रामसभेत बोलताना "वळण धोक्याचं आहे" एवढंच बोलू नका. असं बोला: "ओढ्याजवळच्या वळणावर तीन ठिकाणी दोरी लावली. सगळ्यात लहान त्रिज्या ४२ मीटर आली, नियमात किमान ६० आहे. ढाळ आत २६ सेंटीमीटर हवा, तो ५ सेंटीमीटरच आहे." हे ठरावाच्या वहीत जसंच्या तसं लिहून घ्यायला लावा. नुसती तक्रार असेल तर वाद घालता येतो, माप दिलं की समोरच्यालाही माप घेऊनच उत्तर द्यावं लागतं.

आता पुढच्या बैठकीचं काम. गावातलं एक वळण निवडा. दोरी, चिंधी, मोजपट्टी आणि लाल कापड गोळा करा. मोजायला दोघी अनुभवी बायका आणि दोघी शाळेतल्या मोठ्या मुली अशी जोडी लावा. दोरी ताठ ओढण्याचा जोर एकीकडे आहे, भागाकार दुसरीकडे. तारीख, जागा, तीन मापं, तीन त्रिज्या, ढाळ आणि आतल्या कोपऱ्यात काय पीक आहे, एवढं एका पानावर लिहा आणि मोजणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्या. ते पान गटाच्या कागदपत्रांच्या फाइलीत, पासबुकाशेजारी ठेवा. रस्त्याचं काम पुन्हा निघेल तेव्हा ते सगळ्यात आधी बाहेर काढायचं आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर वळणावर हळू जा, आणि घरच्यांनाही हळू जायला सांगा. नमस्कार.